खेळता खेळता विझणारा लॅपटॉप

तक्रार एका ओळीची होती. गेम सुरू केला की दहा-बारा मिनिटांत लॅपटॉप बंद. निळा पडदा नाही, सूचना नाही, दिवा विझावा तसा. घेऊन आलेल्या मुलाने निदानही सोबत आणलं होतं: "गरम होता म्हणान बंद पडता." घर मालवणजवळच्या देवबागला, समुद्र शे-दीडशे पावलांवर, आणि महिना मे. निदान पटण्यासारखंच होतं. ते निम्मं बरोबर निघालं आणि उरलेल्या निम्म्याने चार दिवस खाल्ले.

यंत्र असं: इंटेलचा आय-सेव्हन १०७५०एच, म्हणजे २०२० साली आलेला सहा कोअरचा प्रोसेसर, जोडीला जीटीएक्स १६६० टीआय हे ग्राफिक्स कार्ड आणि १८० वॉटचा अडॅप्टर. प्रोसेसर ४५ वॉटचा म्हणवतो, पण टर्बोत, म्हणजे काम वाढल्यावर आपणहून वेग वाढवतो तेव्हा, काही सेकंद त्याच्या दुप्पट ओढतो. ग्राफिक्स ८० वॉट. पडदा, एसएसडी, पंखे आणि वाटेतली गळती धरली तर गेममध्ये दीडशे वॉटच्या आसपास मागणी असते. हा आकडा लक्षात ठेवायचा, पुढे कामाला येतो.

स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी बॅकअप. अचानक वीज गेलेल्या यंत्रात आधी बिघडते ती फाइल सिस्टिम, हार्डवेअर नंतर. बॅकअप घेता घेता क्रिस्टलडिस्कइन्फो हे डिस्कची तब्येत दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून एसएसडीच्या नोंदींतला 'अनसेफ शटडाउन्स' हा आकडा पाहिला. मालकाच्या मते लॅपटॉप "सात-आठ वेळा" बंद पडला होता, डिस्कच्या मते १३७ वेळा. पॉवरचं बटण दाबून ठेवून बंद केलेलंही त्यात मोजलं जातं, त्यामुळे आकडा जसाच्या तसा घ्यायचा नाही. पण दुखणं पंधरा दिवसांचं नसून जुनं आहे एवढं त्यावरून कळतं.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे यंत्रात काय घडलं त्याची नोंदवही, त्यातला सिस्टिम लॉग. तिथे कर्नल-पॉवर ४१ ही लाल नोंद सगळ्यांनाच दिसते आणि सगळेच तिला घाबरतात. ती इतकंच सांगते की मागच्या वेळी यंत्र नीट बंद झालं नव्हतं. ती लिहिली जाते पुन्हा चालू झाल्यावर, म्हणून तिच्यावरची वेळ बंद पडल्याची नसते. ती वेळ ६००८ क्रमांकाच्या नोंदीत सापडते. ४१ च्या तपशिलात दोन गोष्टी पाहायच्या. 'बगचेककोड' शून्य असेल तर विंडोज कोसळलेलं नाही, त्याच्या पायाखालची वीजच गेली. आणि 'पॉवरबटनटाइमस्टँप' शून्य नसेल तर कुणीतरी बटण दाबून धरलं होतं. इथे दोन्ही शून्य. म्हणजे ड्रायव्हर, गेमची फाइल, व्हायरस, विंडोज पुन्हा टाकणं हा सगळा गोतावळा बाजूला. त्याआधी कुणीतरी दोनदा विंडोज टाकून दिलं होतं, त्याचे पैसे गेले ते गेले.

उष्णतेने विंडोजने स्वतः यंत्र बंद केलं असेल तर ८६ क्रमांकाची नोंद सापडते. ती नव्हती. पण तेवढ्याने उष्णता सुटत नाही, कारण चिपचं स्वतःचं शेवटचं संरक्षण थेट वीज तोडतं आणि मागे काही लिहून ठेवत नाही.

या टप्प्यावर एक गोष्ट नजरेतून निसटली, ती आधीच सांगतो. बंद पडण्याच्या वेळेच्या मागे दोन-तीन मिनिटांत १०५ क्रमांकाच्या नोंदी ओळीने पडलेल्या होत्या. १०५ म्हणजे विजेचा स्रोत बदलला, अडॅप्टरवरून बॅटरीवर किंवा उलट. ती निळ्या रंगाची साधी माहितीची नोंद असते, आणि आपण लाल-पिवळ्याकडेच बघतो. फिल्टर लावून फक्त 'एरर' आणि 'क्रिटिकल' पाहायची सवय इथे नडली. तेव्हाच पाहिली असती तर निम्मं काम पहिल्या संध्याकाळी संपलं असतं.

मग मोजमाप. तापमान, वेग आणि वीज दाखवणारा एचडब्ल्यूइन्फो हा प्रोग्रॅम सेन्सर मोडमध्ये चालू केला, नोंदीचा वेग दोन सेकंदांवरून अर्ध्या सेकंदावर आणला आणि लॉग फाइलमध्ये सोडला. यात एक गोम आहे: वीज अचानक गेली की फाइलच्या शेवटच्या काही सेकंदांची नोंद डिस्कवर उतरतच नाही, आणि नेमकी तीच हवी असते. त्यावर साधा उपाय म्हणजे सेन्सरची खिडकी दुसऱ्या मॉनिटरवर किंवा टीव्हीवर ठेवून मोबाईलने तिचं चित्रण करायचं. मोबाईल अभ्यासाच्या पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेवला तरी चालतो.

चाचण्या तीन, क्रमाने. आधी फक्त प्रोसेसर, त्याला ताण देणारं सिनेबेंच दहा मिनिटं. मग फक्त ग्राफिक्स, तसंच ताण देणारं फरमार्क दहा मिनिटं. मग दोन्ही एकत्र. प्रोसेसर एकटा ९८ अंशांवर जाऊन टेकला आणि घड्याळगती ३ गिगाहर्ट्झच्या खाली उतरली, पण यंत्र चालू राहिलं. ग्राफिक्स एकटं ८५ वर, तेही चालू राहिलं. दोन्ही एकत्र केले आणि नवव्या मिनिटाला अंधार.

या प्रोसेसरची मर्यादा १०० अंश. तिच्याजवळ पोचला की तो आधी वेग कमी करतो, बंद पडत नाही. हे त्याचं काम आहे आणि तो ते चोख करत होता. म्हणून निव्वळ तापल्याने बंद पडणारा लॅपटॉप सहसा आधी रडतो: गेम अडखळतो, फ्रेम पडतात, पंखे किंचाळतात, मग जातो. इथेही गेम अडखळत होता, पण जाताना झटक्यात जात होता. संशय यायला हवा होता. आला नाही, कारण ९८ हा आकडा समोर असताना माणूस दुसरीकडे बघत नाही.

'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के ही युक्ती पुष्कळांना ठाऊक असते. पॉवर ऑप्शन्समध्ये १०० चे ९९ केले की टर्बो बंद होतो आणि हा प्रोसेसर २.६ गिगाहर्ट्झच्या वर जात नाही. केलं. पाऊण तास गेम चालला, एकदाही बंद पडला नाही. यावरून लोक म्हणतात, बघा, उष्णताच होती. तसं म्हणता येत नाही. टर्बो बंद केला की उष्णता कमी होते तशी विजेची मागणीही कमी होते, आणि दोन्हींपैकी कुणाने वाचवलं ते या चाचणीतून कळत नाही. तात्पुरता उपाय म्हणून मात्र ही युक्ती सोन्यासारखी आहे: परीक्षा तोंडावर असेल, सुटा भाग कुरियरने यायचा असेल, तर ९९ करून काम चालवावं.

साफसफाई करायचीच होती, केली. झाकणाचे स्क्रू सगळे सारख्या लांबीचे नसतात, काढताना कागदावर लॅपटॉपची चौकट काढून त्या त्या जागी टोचून ठेवायचे. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरच्या कीबोर्डाला पुटकुळी येते. कडेची खिटकी सोडवायला जुनं सिमकार्ड पुरतं. आत गेल्यावर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर काढणं, मग पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून धरणं.

पंखा आणि पितळी रंगाच्या जाळीच्या मधे जे निघालं त्याला धूळ म्हणवत नाही, ती नमद्याची पट्टी होती. किनाऱ्यावरची धूळ कोरडी नसते. जांभ्याची लाल पूड, वाळूचा भुगा, स्वयंपाकघरातलं तेलकट आणि हवेतली खारट ओल मिळून तिचा लगदा होतो. बाहेरून ब्लोअर मारला तर ती पट्टी हलून पुन्हा जागेवर बसते. पंख्याचे तीन स्क्रू काढून तो उचलायचा आणि पट्टी चिमट्याने सोलून काढायची. ब्लोअर वापरलाच तर पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, मोकळं भिरभिरू द्यायचं नाही.

हीटसिंकच्या, म्हणजे चिपची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या भागाच्या, स्क्रूंशेजारी आकडे कोरलेले असतात, सोडवताना उलट्या क्रमाने, बसवताना सुलट्या, आणि प्रत्येक थोडा थोडा पिळत. चिप आणि हीटसिंकच्या मधली जुनी थर्मल पेस्ट खडूसारखी झाली होती. ती पुसायला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं, मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून मागितलं की मिळतं. मेडिकलमधलं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. थिनर तर मुळीच नको, प्लॅस्टिक खातो. पावसाळ्यात बाटलीचं बूच उघडं टाकलं तर आयपीए हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून छोटी बाटली घ्यावी.

उघड्या चिपवर पेस्ट सगळीकडे पातळ पसरवावी लागते. डेस्कटॉपसारखा मधे ठिपका देऊन दाबावर सोडलं तर कोपरे कोरडे राहतात. प्रोसेसरला भाताच्या शिताएवढी, ग्राफिक्सची चिप मोठी म्हणून तिला दुप्पट. मेमरीवरचे थर्मल पॅड फाटले नसतील तर हलवू नयेत. बदलायचेच झाले तर जाडी तंतोतंत तीच हवी. १ मिलिमीटरच्या जागी १.५ चा बसवला की हीटसिंक उचलला जातो आणि मुख्य चिपला टेकतच नाही, आणि मग नवी पेस्ट लावूनही तापमान वाढलं कसं या कोड्यात माणूस रात्र काढतो.

झाकण बसवून पुन्हा चाचणी. प्रोसेसर ८४, ग्राफिक्स ७२. तेरा-चौदा अंश खाली. आणि दोन्ही एकत्र चालवले तर नवव्या नव्हे, चौथ्या मिनिटालाच बंद!

साफ केल्यावर दुखणं वाढलं हे पाहून पहिली शंका आपल्याच हाताची येते. कनेक्टर ढिला राहिला का, स्क्रू कुठे टेकला का. दोन्ही नव्हतं. लॉग शेजारी शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. साफसफाईआधी प्रोसेसर तापून स्वतःचा वेग कमी करत होता, म्हणजे वीजही कमी मागत होता. आता थंड राहिल्यामुळे तो ३.९ गिगाहर्ट्झवर टिकून होता आणि मागणी पूर्ण. उष्णता हा आजार नव्हता असं नाही, पण तो दुसऱ्या आजाराला झाकत होता. ८४ अंशांवर कुठलाही निरोगी लॅपटॉप बंद पडत नाही. आता वीज.

मोबाईलवरचं चित्रण संथ करून पाहिलं. बंद पडण्याआधी बॅटरीचा 'चार्ज रेट' शून्यावरून उणे चाळीस वॉटवर, परत शून्य, परत उणे, आणि अंधार. अडॅप्टर लावलेला असताना बॅटरी रिकामी होत होती. तेव्हा जाऊन १०५ च्या नोंदी दिसल्या. मुलाला विचारलं, बंद पडायच्या आधी पडदा क्षणभर मंद होतो का? तर म्हणे, हो, नेहमीच. बॅटरीवर गेलं की विंडोज उजेड कमी करतं. हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारायचा असतो.

गावातल्या विजेकडे बोट दाखवणं सोपं, पण अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टवर चालतो. संध्याकाळी पंखे मंदावतात तेव्हाचे १७०-१८० व्होल्ट त्याच्या दृष्टीने पुरेसे असतात. एक्स्टेन्शन बोर्डाचं ढिलं सॉकेट मात्र खरं गुन्हेगार असू शकतं, म्हणून भिंतीच्या सॉकेटला थेट लावून पाहिलं. तेच. धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येत होत्या, ती अर्थिंगची बोंब. दुरुस्त करावी, पण तिचा या बंद पडण्याशी संबंध नाही. त्याच वॉटचा दुसरा अडॅप्टर उसना आणून लावला. तरीही तेच, पाचव्या मिनिटाला.

अडॅप्टर सुटला. उरले दोघे, जॅक (लॅपटॉपची चार्जरची पिन जिथे बसते तो) आणि बॅटरी. दोघेही दोषी निघाले.

बंद पडल्याबरोबर पिन काढून बोटात धरली, तर धरवेना. आत टॉर्च मारला तर जॅकच्या पत्तीवर हिरवट-काळा थर. समुद्राची खारी हवा तांब्या-पितळेवर करते तेच. साध्या मिठाचा गुणधर्म असा की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं. किनाऱ्यावर पावसाळाभर हवा त्या रेषेच्या वरच असते, म्हणजे पत्तीवर बसलेला खारट कण चार महिने ओलाच. दमट हवेने चिप जास्त तापते असं बोललं जातं, ते खरं नाही. घाम माणसाला येतो, हीटसिंकला नाही, त्याला फक्त हवेचं तापमान कळतं. दमटपणा मारतो तो असा, मिठाच्या हाताने, सांध्यांवर.

हे नुसतं डोळ्यांनी ठरवलं नाही. झाकण काढलेला लॅपटॉप तंबूसारखा उभा करून, बाहेरचा कीबोर्ड लावून, जॅकची वायर मदरबोर्डला जिथे मिळते तिथे मल्टिमीटर लावला. नुसता डेस्कटॉप उघडा असताना १९.४ व्होल्ट, भाराखाली १७.७. अडॅप्टर सुटा मोजला तर १९.५ दाखवतोच, बिनभाराच्या त्या आकड्याला अर्थ नाही. इथे प्रोब घसरला तर मदरबोर्ड जातो, म्हणून हात स्थिर नसेल त्याने हे मोजमाप सोडून द्यावं. पिन तापणं एवढा पुरावाही पुरतो.

नंतर नवा जॅक बसवल्यावर भाराखाली १९ व्होल्ट मिळाले. म्हणजे जुना जॅक एकटा १.३ व्होल्ट गिळत होता. प्रवाह साडेसात अँपियरच्या आसपास, गुणाकार जवळपास १० वॉट. २५ वॉटच्या सोल्डरिंग आयर्नच्या निम्म्याच्या जवळपासची उष्णता, मटाराच्या दाण्याएवढ्या जागेत. तापला की रोध आणखी वाढतो, म्हणूनच बंद पडायला मिनिटं लागत होती, सेकंद नाही. व्होल्टेज एका मर्यादेखाली गेलं की चार्जिंग सांभाळणारी चिप अडॅप्टर निघाला असं समजते आणि सगळा भार बॅटरीवर टाकते. भार उतरला की जॅकवरचं व्होल्टेज सावरतं, चिप परत अडॅप्टरवर येते. चाळीस वॉटचे ते हेलकावे याचेच.

बॅटरी धडधाकट असती तर हे हेलकावे मालकाला कळलेही नसते. पण पॉवरसीएफजी या कमांडपुढे स्लॅश देऊन बॅटरीरिपोर्ट लिहिलं की जो अहवाल मिळतो, त्यात मूळ क्षमता ५७,४८० मिलिवॉट-तास आणि सध्याची २६,९०० होती. सत्तेचाळीस टक्के. अशा बॅटरीवर दीडशे वॉट एकदम पडले की तिचं व्होल्टेज कोसळतं आणि सगळं विझतं. तिला कुणी मारलं? कायम १०० टक्के चार्ज आणि कायम गरम. उष्णतेचा वाटा आहे तो इथे.

जॅक आयपीए आणि टूथब्रशने घासून पाहिला. दोन दिवस चालला, तिसऱ्या दिवशी मूळपदावर. मुलामा गेलेली पत्ती घासून परत येत नाही. बिजागऱ्यांना मारायचा स्प्रे तर त्यावर मारूच नये, तेलाचा थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. या मॉडेलचा जॅक वायरसकट सुटा येतो, सोल्डरिंग लागत नाही. लॅपटॉपच्या नावावरून मागवू नये, वायरवर चिकटवलेला पार्ट नंबर आणि कनेक्टरच्या पिना मोजून मागवावा. ६५० रुपये, कुरियरला सहा दिवस. बॅटरी ४,२०० रुपये. तीही मागवताना व्होल्ट आणि कनेक्टर जुन्याशी जुळवायचे. जुनी फुगलेली असेल तर टोचायची, दाबायची नाही, आणि घरात ठेवायचीही नाही.

क्रम महत्त्वाचा होता. आधी जॅक बदलून जुन्याच बॅटरीवर तासभर चाचणी घेतली: एकदाही बंद नाही, १०५ ची एकही नोंद नाही, पिन कोमट. नुसती बॅटरी आधी बदलली असती तर बंद पडणं थांबलं असतं आणि जॅक आतल्या आत भाजत राहिला असता. नवी बॅटरी त्या हेलकाव्यांत वर्षभरात गेली असती.

बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर लावली. ६० चांगली, पण जून ते सप्टेंबर कोकणात दिवे कधी जातील याचा नेम नसतो, तेव्हा ८०. गेममध्ये फ्रेमची मर्यादा ६० ठेवली. पडदा १४४ हर्ट्झचा असल्याने मुलाने नाक मुरडलं, पण ग्राफिक्सची मागणी त्याने बरीच उतरते.

पावसाळ्यासाठी नियम थोडेच दिले. रोज अर्धा तास तरी चालू करायचा, आतून गरम राहिलेल्या यंत्रात ओल मुरत नाही. आठवडाभर वापरायचा नसेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात पाव किलो सिलिका जेलसोबत. जेलचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं. तांदळात ठेवू नये, पोर्टांत पीठ जातं. एसीच्या खोलीतून बाहेर आणला तर अर्धा तास तसाच ठेवायचा, कारण थंड धातूवर दव धरतं. आणि चार्जरची पिन महिन्यातून एकदा बोटाने चाचपायची.

ऑक्टोबरात तपासायला पुन्हा उघडला. जाळीवर नमद्याचा पहिला पापुद्रा धरला होता, ब्रशने निघाला. जॅकची पत्ती चकचकीत होती. मागच्या कडेच्या यूएसबी पोर्टावर मात्र, जिथे सहसा काही लावलं जात नाही, हिरवा ठिपका दिसायला लागला होता.